शॉर्ट शिफ्टर निवडताना: थ्रो किती कमी करायचा आणि कुठे

शॉर्ट शिफ्टर, म्हणजे गिअर बदलताना लीव्हरचा प्रवास (थ्रो) आखूड करणारा संच, घेऊ पाहणारा माणूस बहुतेक वेळा एकच आकडा विचारतो: थ्रो किती टक्क्यांनी कमी होतो? विक्रेतेही तोच आकडा खोक्यावर ठळक छापतात. माझ्या मते हा प्रश्न नंतरचा आहे. गिअर नॉबपासून गिअरबॉक्समधल्या फोर्कपर्यंत, म्हणजे गिअर प्रत्यक्ष जोडणाऱ्या काट्यापर्यंत, जी साखळी असते, तिच्यात थ्रो नेमका कोणत्या जागी कमी केला आहे, हे आधी विचारले पाहिजे. तितकेच टक्के दोन वेगवेगळ्या जागी कमी केले, तर हाताला येणारा अनुभव आणि सुट्या भागांवर पडणारा भार यांत बराच फरक पडतो. गेले काही महिने माझ्या स्वतःच्या गाडीसाठी मी हा अभ्यास करत आहे आणि त्यातून जे हाती लागले, ते येथे सविस्तर मांडतो.

गाडी छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनाची, पाच गिअरची, पुढच्या चाकांना ताकद देणारी हॅचबॅक आहे. आपल्याकडे हाताने गिअर बदलण्याची खरी स्पोर्ट्स कार दुर्मीळच. २०१५ साली आलेली १४५ बीएचपीची अबार्थ पुंटो किंवा अलीकडची सहा गिअरची आय२० एन लाइन, अशा चपळ हॅचबॅकवरच आपली हौस भागते. बेळगावहून जांबोटी, कणकुंबीमार्गे चोर्ला घाट उतरून गोव्यातल्या साखळी गावाकडे जाणारा रस्ता, किंवा शिनोळीवरून आंबोलीकडे जाणारा वेंगुर्ले रस्ता, या दोन्हींवर दुसरा आणि तिसरा गिअर सतत आलटून पालटून लागतात. वळणाच्या तोंडाशी ब्रेक दाबत असताना तिसऱ्यावरून दुसऱ्यावर यायचे असते, आणि तेवढ्या वेळात डावा हात सुकाणूवरून सुटलेला असतो. लीव्हरचा प्रवास लांब आणि ढिला असेल, तर हात सुकाणूवर परत यायला उशीर होतो. शॉर्ट शिफ्टरचा विचार माझ्या मनात आला तो या कारणासाठी. सिग्नलवरून जोरात सुटण्याची हौस मला नाही.

गिअर लीव्हर ही शाळेत शिकलेली पहिल्या प्रकारची तरफ आहे. टेकू मध्ये असतो, वरच्या टोकाला आपला हात बल लावतो आणि खालचे टोक केबल, रॉड किंवा थेट गिअरबॉक्समधला शिफ्ट रेल (फोर्क सरकवणारी दांडी) ढकलते. समजा, टेकूपासून नॉबपर्यंतचे अंतर २४० मिमी आहे आणि टेकूपासून खालच्या टोकापर्यंतचे ६० मिमी आहे. गुणोत्तर ४ झाले. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना खालचे टोक ३० मिमी सरकावे लागत असेल, तर नॉब १२० मिमी सरकतो. आता खालची बाजू ६० ऐवजी ७५ मिमी केली, तर गुणोत्तर ३.२ होते आणि नॉबचा प्रवास ९६ मिमीवर येतो. थ्रो २० टक्क्यांनी घटला, पण हाताला लावावे लागणारे बल २५ टक्क्यांनी वाढले. कामाचा हिशेब कोणालाच चुकवता येत नाही: अंतर कमी केले, की बल वाढते. हाच हिशेब पुढे नेला, तर ४० टक्के कपातीसाठी हाताचे बल सुमारे ६७ टक्क्यांनी वाढते, आणि म्हणूनच खोक्यावरचा मोठा आकडा पाहून मी हुरळून जात नाही.

वरची बाजू आखूड करूनही हेच गुणोत्तर मिळते. २४० मिमीचा दांडा १९२ मिमीवर आणला, की तोच ३.२ चा आकडा आणि तोच ९६ मिमीचा प्रवास. बाजारातले सर्वांत स्वस्त पर्याय याच प्रकारचे असतात आणि काही ठिकाणी तर मूळ दांडा कापून त्यावर नवे आटे पाडून दिले जातात. यात नॉब ४८ मिमी खाली जातो, सुकाणूपासून दूर होतो, आणि ज्या हाताचा वेळ वाचवायचा होता, त्याचा वेळ नॉबपर्यंत पोहोचण्यातच जातो. दांडा कापण्याचा हा मार्ग मी पहिल्याच फेरीत बाद केला. टेकू वर उचलणे आणि खालची बाजू लांब करणे, हे एकत्र करणारे संच यापेक्षा कितीतरी विचारपूर्वक बनवलेले असतात, कारण त्यात नॉबची उंची जवळपास मूळ जागी राहते.

आता सिंक्रोविषयी, म्हणजे गिअर बसण्याआधी फेरे जुळवणाऱ्या भागाविषयी, कारण शॉर्ट शिफ्टरने सिंक्रो खराब होतात, हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे. सिंक्रोची पितळी रिंग शंकूच्या आकाराची असते. गिअर टाकताना ती रिंग त्या गिअरच्या शंकूवर दाबली जाते, घर्षणाने दोघांचे फेरे सारखे होतात, आणि ते सारखे होईपर्यंत रिंगचे दाते स्लीव्हला (फोर्कने सरकणाऱ्या, गिअर जोडणाऱ्या कड्याला) पुढे जाऊ देत नाहीत. हे घर्षण फोर्कवर पोहोचणाऱ्या बलावर अवलंबून असते. शॉर्ट शिफ्टरमध्ये यांत्रिक फायदा कमी झालेला असतो, त्यामुळे हाताने पूर्वीइतकेच बल लावले, तर फोर्कवर पूर्वीपेक्षा कमी बल पोहोचते आणि सिंक्रोला उलट थोडा जास्त वेळ लागतो. आपल्याला तो अडथळ्यासारखा जाणवतो, मग माणूस वैतागून झटका देतो. सिंक्रोची झीज होते ती या झटक्यामुळे आणि क्लच पूर्ण न दाबता गिअर ओढण्याच्या सवयीमुळे. लीव्हर आखूड झाला, तरी रिंगला लागणारा वेळ आखूड होत नाही. तो क्षणभराचा अडथळा ओळखून त्यावर हलका, सलग दाब ठेवण्याची सवय ज्याला आहे, त्याच्या गिअरबॉक्सला वीस-पंचवीस टक्क्यांच्या कपातीने धोका आहे, असे मला वाटत नाही.

कपात कोणत्या जागी करायची, या मूळ मुद्द्याकडे येण्यापूर्वी आपल्या गाडीतली साखळी कोणत्या जातीची आहे, हे माहीत हवे. मझदा एमएक्स-५ किंवा होंडा एस२००० यांसारख्या मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांत लीव्हर थेट गिअरबॉक्सच्या डोक्यावर बसलेला असतो. मध्ये केबल नाही आणि लांब रॉडही नाही, त्यामुळे त्यांचा गिअर मुळातच नेटका असतो आणि तेथे शॉर्ट शिफ्टर म्हणजे केवळ एक बदली दांडा. (आपल्याकडे अँबॅसिडर आणि पद्मिनीच्या काळी गिअर सुकाणूच्या खांबावर असायचा. अमेरिकेतही तशाच खांबावरच्या गिअरची जागा जमिनीवरच्या लीव्हरला देण्याच्या खटपटीतून १९५८ साली सुरू झालेल्या हर्स्टसारख्या कंपन्या नावारूपाला आल्या, ही या क्षेत्राची जन्मकथा मला फार आवडते.) आपल्या बहुतेक हॅचबॅकमध्ये मात्र इंजिन आडवे असते आणि लीव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत दोन केबल जातात. एक पुढे-मागे होण्यासाठी, म्हणजे प्रत्यक्ष गिअर टाकण्यासाठी. दुसरी आडव्या हालचालीसाठी, म्हणजे पहिला-दुसरा, तिसरा-चौथा की पाचवा, ही ओळ निवडण्यासाठी.

केबलच्या गाडीत कपातीच्या दोन जागा आहेत. एक बॉनेटखाली, गिअरबॉक्सवरच्या छोट्या आर्मवर. दुसरी केबिनमध्ये, कन्सोलखाली, लीव्हरच्या खालच्या बाजूला. बॉनेटखालचा संच लोकप्रिय आहे, कारण तो तासाभरात बसतो, कन्सोल उघडावा लागत नाही आणि किंमतही कमी असते. त्यात आर्मवरचे केबलचे भोक टेकूच्या जवळ आणलेले असते, म्हणजे केबल पूर्वीपेक्षा कमी सरकली, तरी आर्म तेवढाच फिरतो. वर घेतलेल्या उदाहरणात केबलचा ३० मिमीचा प्रवास २४ मिमी होतो आणि नॉबचा ९६ मिमी. हाताला दोन्ही संच सारखेच आखूड वाटतील. फरक केबलच्या आत आहे. बॉनेटखाली कपात केली, की केबलवरचे बल २५ टक्क्यांनी वाढते, तिच्या टोकाचे रबरी किंवा प्लास्टिकचे बुश (जोडाच्या पिनेभोवती बसणारी कडी) जास्त दबतात आणि केबलचा अंगभूत लवचीकपणा जास्त जाणवतो. केबिनमध्ये कपात केली, तर केबलला पूर्वीइतकेच सरकावे लागते आणि पूर्वीइतकेच बल वाहावे लागते. वाढीव बल फक्त आपल्या हाताच्या वाट्याला येते.

ढिलाईचेही तसेच. समजा, बुश झिजल्यामुळे केबलच्या टोकाला २ मिमी मोकळीक आहे. मूळ लीव्हरवर ती नॉबला ८ मिमी म्हणून जाणवते, १२० मिमीच्या प्रवासात ८. बॉनेटखालचा संच बसवला, तर तीच ८ मिमी आता ९६ मिमीच्या प्रवासात जाणवेल, म्हणजे गाडी पूर्वीपेक्षा जास्त ढिली वाटेल. केबिनमधल्या संचात मोकळीक ६.४ मिमीवर येते आणि प्रमाण जैसे थे राहते. संच बसवून गिअर आखूड झाला, पण नेमका लागत नाही, असे म्हणणाऱ्यांनी बहुधा झिजलेल्या बुशवर बॉनेटखालची कपात केलेली असते. ज्या गाडीसाठी केबिनमधला संच मिळतच नाही, तिच्या मालकाने बॉनेटखालचा संच जरूर घ्यावा, पण केबलच्या टोकाचे नवे बुश त्याच दिवशी बसवावेत.

म्हणूनच संच मागवण्याआधी मी उद्यमबागेत एका ओळखीच्या टर्नरकाकांकडे गेलो. आमच्या बेळगावात फाउंड्री आणि मशीन शॉप यांची जी दाट वस्ती आहे, तिचा असा उपयोग करून घेता येतो, हे मला येथे राहण्याचे मोठे सुख वाटते. काकांनी लीव्हर हातात धरून दोन्ही बाजूंना हलवून पाहिला आणि म्हणाले, “सर, आधी बुश बघूया की. दांड्याचं मागनं बघू.” एअर क्लीनरचे डबे बाजूला केल्यावर गिअरबॉक्सवरची केबलची टोके दिसू लागली. मी आत बसून लीव्हर पुढे-मागे ढकलत होतो आणि ते बोट लावून पाहत होते: केबलचे टोक सरकायला सुरुवात झाल्यावर आर्म मात्र किंचित उशिरा हलत होता. टोकाचा बुश काढला, तेव्हा त्याचे गोल भोक उघड्या डोळ्यांना दिसेल इतके लंबगोल झालेले होते. मग नॉबच्या बाजूला पोलादी पट्टी आडवी चिकटवून आम्ही न्यूट्रलपासून प्रत्येक गिअरपर्यंतचा प्रवास आणि गिअरमध्ये असतानाची मोकळीक मोजून घेतली. ज्याला शॉर्ट शिफ्टर घ्यायचा आहे, त्याने ही मोजणी आधी करावी, अन्यथा नंतर सुधारणा संचामुळे झाली की बुशमुळे, हे कधीच कळत नाही.

बुश कशाचा घ्यावा, यावर आमची बराच वेळ चर्चा झाली. कंपनीने रबर उगाच घातलेले नसते. इंजिनाची थरथर आणि गिअरची घरघर केबलवाटे केबिनमध्ये येऊ नये, हे त्याचे काम असते. गनमेटल किंवा अ‍ॅल्युमिनियमचा बुश सर्वांत नेमका असतो, पण तो ही थरथर जशीच्या तशी नॉबपर्यंत आणतो आणि रोज खानापूर रोडवरून कामाला जाणाऱ्याला ती नकोशी होईल. नायलॉन स्वस्त आणि सहज मिळणारे, पण ते ओलावा शोषून फुगते. कणकुंबीच्या पावसात बॉनेटखाली जे पाणी उडते, ते पाहता नेमक्या मापाच्या बुशला ते मला योग्य वाटत नाही. पॉलियुरेथेन हा मधला मार्ग आहे, मात्र त्याला योग्य ग्रीस न लावल्यास ते कुरकुरते. आम्ही अ‍ॅसिटल निवडले, ज्याला आपल्याकडे सगळे डेलरिन म्हणतात. ते फारच कमी ओलावा घेते, स्वतःच गुळगुळीत असते आणि लेथवर सुरेख कातले जाते. काकांनी पांढऱ्या रॉडचा तुकडा चकमध्ये धरला, आर्मवरच्या पिनेचे माप व्हर्नियरने दोनदा घेतले आणि भोक मुद्दाम थोडे कमी ठेवून शेवटी रीमरने उघडत नेले, इतके की पीन अंगठ्याच्या दाबाने आत गेली आणि तरीही बाजूला हलेना. फक्त एवढ्या कामानंतर माझ्या गाडीचा गिअर इतका सुधारला, की ज्यांना दहा-पंधरा टक्क्यांचा संच घ्यायचा आहे, त्यांनी आधी बुशच बदलून पाहावेत, असे मी आवर्जून सांगतो.

आडव्या हालचालीविषयी माझे मत ठाम आहे: ती कमी करू नये. काही संच पुढे-मागे आणि डावी-उजवी, अशा दोन्ही बाजूंनी कपात करतात आणि त्याची जाहिरातही करतात. ओळी एकमेकींच्या जवळ आल्या, की पाचव्यावरून चौथ्यावर येताना हात दुसऱ्यावर पडण्याची शक्यता वाढते. चोर्ल्याच्या उतारावर वेगात असताना दुसरा गिअर लागला आणि क्लच सोडला, तर चाके इंजिनाला त्याच्या मर्यादेपलीकडे फिरवतात, आणि रेव्ह लिमिटर तेथे काहीच करू शकत नाही, कारण तो फक्त इंधन किंवा ठिणगी थांबवतो. व्हॉल्व्ह पिस्टनला धडकले, की दुरुस्तीचा खर्च संचाच्या किमतीच्या कितीतरी पट होतो. ज्या संचात आडवी हालचाल मूळ मापाची ठेवलेली आहे आणि न्यूट्रलला लीव्हर तिसऱ्या-चौथ्याच्या ओळीत आणणारी स्प्रिंग सशक्त आहे, तोच संच मी विचारात घेतला. रिव्हर्सचे कुलूप, मग ते रिंग उचलण्याचे असो वा नॉब दाबण्याचे, तसेच राहते की नाही, हेही आधी विचारून घ्यावे.

परदेशातून संच मागवणाऱ्यांसाठी एक मुद्दा फार महत्त्वाचा आहे. बरेच संच डाव्या बाजूला सुकाणू असलेल्या गाड्यांवर मापे घेऊन बनवलेले असतात. बॉनेटखालचा आर्म सहसा दोन्हींना चालतो, पण केबिनमधला दांडा चालकाच्या बाजूला वाकवलेला असेल, तर आपल्या गाडीत तो प्रवाशाच्या गुडघ्याकडे झुकतो. सीमाशुल्क आणि कुरिअर भरून आलेली वस्तू परत पाठवणे व्यवहारात जमत नाही, म्हणून विक्रेत्याकडून टेकूच्या वरचे आणि खालचे अंतर मिलिमीटरमध्ये लेखी मागवावे. जो विक्रेता फक्त टक्के सांगतो आणि मापे देत नाही, त्याच्याकडून मी घेणार नाही. दांड्याचा टेकूचा गोळा एकसंध कातलेला आहे की वेल्डिंगने जोडलेला, हेही छायाचित्र मागवून पाहावे.

काही गिअरबॉक्सवर बाहेरच्या आर्मला ओतीव लोखंडाचे एक वजन असते. ते निरुपयोगी दिसते, म्हणून काही संचांत ते काढून टाकलेले असते. पण ते वजन एकदा हलू लागले, की त्याच्या जडत्वामुळे सिंक्रोचा अडथळा हाताला मऊ लागतो. ते काढले, तर गिअर खडखडीत होतो. माझ्या निवडीत वजन शाबूत ठेवणाऱ्या संचालाच जागा होती. जड धातूचा नॉबही थोड्या प्रमाणात हेच काम करतो आणि वाढलेले बल काहीसे झाकतो. नॉब घेताना आटे (व्यास बाय आट्यांमधले अंतर, मिमीमध्ये) पाहावेत: होंडात सहसा एम१० बाय १.५, मझदात एम१० बाय १.२५, तर टोयोटा आणि सुबारूत एम१२ बाय १.२५ असतात. चुकीचा नॉब जबरदस्तीने फिरवला, की दांड्याचे आटे जातात.

कायद्याचे थोडक्यात: मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नोंदणीपत्रातले तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे करणाऱ्या बदलांना मनाई करते, आणि गिअर लीव्हरची लांबी त्या पत्रात नसते. वॉरंटीचा काळ शिल्लक असेल, तर मात्र तो संपेपर्यंत थांबावे.

अखेर मी केबिनमधला, खालची बाजू लांब केलेला, २० टक्के कपातीचा संच ठरवला आहे. तो बसवण्याच्या वेळीच गिअरबॉक्सचे ऑइलही बदलणार आहे, आणि ते पुस्तिकेत दिलेल्या प्रतीचेच. जेथे जीएल-४ सांगितले आहे, तेथे जास्त चांगले समजून जीएल-५ घालू नये, कारण त्यातली गंधक-फॉस्फरसची द्रव्ये पितळी रिंगांना बाधू शकतात. संच बसल्यावर लीव्हर न्यूट्रलमध्ये पिनेने अडकवून, गिअरबॉक्सवरचा आर्मही न्यूट्रलला ठेवून, मगच केबलची कुलुपे बंद करावी लागतात. हा क्रम चुकला, तर पहिला लागतो आणि पाचवा अर्धाच बसतो. इंजिन बंद ठेवून सर्व गिअर आणि रिव्हर्स टाकून पाहायचे, प्रत्येक गिअरमध्ये लीव्हर कन्सोलच्या कडेला टेकत नाही ना, हे पाहायचे, आणि चामड्याचे आवरण ताणले जाऊन लीव्हरला परत न्यूट्रलकडे ओढत नाही ना, हेही तपासायचे. हे शेवटचे काम आवरण बसवल्यानंतर पुन्हा एकदा करावे लागते, कारण उघड्या कन्सोलमध्ये नीट बसणारा दुसरा आणि चौथा गिअर आवरणाच्या ताणाने पूर्ण आत जात नाही, असे होऊ शकते.